तीन हजारांमागे एक नर्सबाई

सरकारी निकष असा: आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्रात नर्सबाई, केंद्रात डॉक्टर. कैनाड हे गाव ज्या आदिवासी पट्ट्यात येतं त्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत २०११च्या जनगणनेत मिळून साडेपाच लाखांवर माणसं मोजली गेली. म्हणजे निकषाप्रमाणे १८६ उपकेंद्रं आणि २८ आरोग्य केंद्रं.

आता थोडी आकडेमोड. माणूस वर्षातून दोनदा दवाखान्याची पायरी चढतो असं धरू. भर पावसात गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्यांना हा आकडा कमीच वाटेल. तरी दोन तालुक्यांच्या मिळून अकरा लाख खेपा झाल्या. एका आरोग्य केंद्राच्या वाट्याला ४०,०००. वर्षाला ३०० दिवस, रोज सहा तास आणि डॉक्टर एकच हजर असला, तर दिवसाला १३३ पेशंट, प्रत्येकी पावणेतीन मिनिटं. कुठे दुखतं ते सांगायलाच तेवढा वेळ जातो. त्याच खेपा उपकेंद्रांवर वाटल्या, तर दिवसाला वीस जण येतात आणि प्रत्येकाला अठरा मिनिटं मिळतात. (अर्थात नर्सबाईला सहा तास खुर्चीत बसू देतं कोण? लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, पाड्यापाड्यांवरच्या फेऱ्या, आणि ती रजिस्टरं!)

पण तिला जमेल का? कॅनडातल्या बर्लिंग्टनमध्ये १९७१-७२ साली दोन डॉक्टरांच्या दवाखान्यात हे चिठ्ठ्या टाकून तपासलं. काही कुटुंबं नेहमीसारखी डॉक्टरांकडे, काही जादा शिकलेल्या नर्सकडे. वर्षभरानंतर तब्येतीत आणि मृत्यूंत फरक दिसला नाही, आणि ६७ टक्के भेटी नर्सनं एकटीनं निभावल्या. २०१८ साली अशा १८ चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या, तेव्हाही निष्कर्ष साधारण तोच निघाला. बर्लिंग्टनचं प्रमाण इथे लावलं, तर अकरा लाखांतल्या सात लाखांवर खेपा डॉक्टरविना निभतात.

मला मात्र हा गुणाकार घाईचा वाटतो. बर्लिंग्टनच्या नर्सला अडलं, तर डॉक्टर त्याच दवाखान्यात होता. पाड्यावरून झोळीतून आणलेल्या बाईसमोर उभ्या असलेल्या नर्सबाईला अडलं, तर आधी फोनला रेंज हवी, मग गाडी. स्वतंत्र असणं वेगळं, एकटं असणं वेगळं. एकटेपण तिच्या वाट्याला कधीच आलंय.

आपल्या मातीतला पुरावा हवा तर गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना तयार केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासत आणि जंतुसंसर्ग दिसला की इंजेक्शनही देत. हजार जन्मांमागे ६२ नवजात दगावत, ते तीन वर्षांत पंचविसाच्या आसपास आले. त्या तर नर्सही नव्हत्या. पण काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कधी दवाखान्यात पाठवायचं, हे त्यांना पक्कं शिकवलेलं होतं.

दिल्लीत २०१९ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या ३२व्या कलमात मधल्या फळीच्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवान्याची सोय आहे: प्राथमिक उपचारांत ठरावीक औषधं स्वतःच्या जबाबदारीवर, बाकी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. संख्या मात्र डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. तेव्हा देशात नोंदलेले डॉक्टर साडेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे परवाने पावणेचार लाखांवर जाऊ शकतात. डॉक्टरांच्या संघटनेनं देशभर संप केला. भोंदूंना परवाना मिळेल, अशी त्यांची भीती होती, आणि ती अगदीच पोकळ नाही.

पण तुलना कोणाशी करायची ते आधी ठरवा. नर्सबाई विरुद्ध डॉक्टर, की नर्सबाई विरुद्ध रिकामी खुर्ची? डहाणू-तलासरीला पावणेचार लाख नकोत. दर दोन हजार परवान्यांमागे एक इकडे आला, तरी १८६ उपकेंद्रांची सोय होते. मात्र त्या बाईच्या कपाटात औषधं हवीत, आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारा डॉक्टर.