नवा फोल्डर, पण नोंद कुठे?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके वेगळे निघाले आणि नंदुरबार जिल्हा झाला. हीच विभागणी आज गिटमध्ये करून पाहू. गेल्या भागातल्या रिपॉझिटरीत 'धुळे' या एकाच फोल्डरमध्ये दहाही तालुक्यांच्या गावांच्या याद्या आहेत. 'नंदुरबार' हा नवा फोल्डर करा, आत सहा तालुक्यांचे सहा फोल्डर करा आणि 'गिट स्टेटस' द्या.

गिट सांगेल, काहीच बदललेलं नाही.

बिघडलंही काही नाही. गिट नोंद ठेवतं ती फाइलींची. फोल्डर हा त्याच्या लेखी फाइलीच्या पत्त्याचा एक भाग, म्हणून रिकाम्या फोल्डरची ते दखल घेत नाही. सबव्हर्जन या गिटसारख्याच दुसऱ्या प्रणालीत रिकामा फोल्डरही नोंदवता येतो. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये लिहिलेल्या गिटमध्ये नाही. ठेवायचाच असेल तर लोक आत 'डॉट गिटकीप' नावाची फाइल टाकतात. गिटला या नावाचं काही विशेष नाही. दुसरं कुठलंही नाव चाललं असतं.

आता याद्या हलवा, त्यासाठी 'गिट एमव्ही' वापरा. गंमत अशी की 'ही फाइल इथून तिथे गेली' असं गिट कुठेच लिहून ठेवत नाही. जुनी फाइल गेली, नवी आली, दोघींचा मजकूर निम्म्याहून अधिक जुळतो, यावरून ते नंतर अंदाज बांधतं. म्हणून तालुका हलवणं आणि गावांची नावं दुरुस्त करणं एकाच कमिटमध्ये करू नका. अंदाज चुकला की त्या यादीचा जुना इतिहास सहज हाती लागत नाही.

अगदी नव्या फाइली असतील तर 'गिट ॲड नंदुरबार' पुरेसं आहे. आतल्या सगळ्या थरांतल्या फाइली त्यात येतात. मात्र ॲड त्या क्षणाचा मजकूर घेतं. नंतर फाइल बदललीत तर पुन्हा ॲड करावं लागेल, नाहीतर कमिटमध्ये जुनाच मजकूर जाईल.

फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवलं असेल, तर स्टेटसमध्ये 'न'च्या जागी \३४०\२४४\२५० असे आकडे दिसतील. घाबरू नका, नाव शाबूत आहे. 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' करा, अक्षरं दिसू लागतील.

आणि एक खास नंदुरबारचं. अक्राणी तालुक्याचं मुख्यालय धडगाव, त्यामुळे बोलताना कुणी तालुक्याला अक्राणी म्हणतं, कुणी धडगाव. दोघांनी दोन नावांनी फोल्डर केले तर गिट दोन्ही मुकाट्याने घेईल. पहिल्या कमिटच्या आधी तालुक्यांची नावं एका फाइलीत लिहून ठेवा आणि सगळ्यांनी तीच वापरा.