शेवटच्या घराचे पाणी

अभियंत्याचे कर्तृत्व त्याने उभारलेल्या वास्तूंवरून मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या अण्णाकाकांच्या नावाची पाटी मात्र इंदूरात कोठेही सापडावयाची नाही. त्यांचे काम जमिनीखालचे. शहराच्या नळांना पाणी पोहोचविण्यात त्यांच्या नोकरीची ३५ वर्षे गेली.

१९३४ साली रामबागेत त्यांचा जन्म झाला. १९५२ साली इंदूरात सुरू झालेल्या गोविंदराम सेकसरिया संस्थेत स्थापत्यशास्त्र शिकून ते पाणीपुरवठ्याच्या सरकारी नोकरीत शिरले. होळकरांच्या अमदानीत, १९३९ साली, गंभीर नदीवर बांधलेल्या यशवंतसागराचा तेव्हा शहराला मोठा आधार होता. वस्ती वाढली तसे ते पाणी पुरेना. नर्मदेच्या पाण्यासाठी १९७० साली नागरिकांनी मोठे आंदोलन केले आणि १९७८ साली ती शहरात आली. मंडलेश्वराजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, पंपांच्या बळावर विंध्याचा चढ चढून येणारे हे पाणी! त्या कामावरील अनेकांपैकी अण्णाकाका एक. पण घरी कोणी कौतुक केले की ते म्हणत, "नदी डोंगर चढली हे खरे. लाइनीच्या शेवटच्या घरी घागर भरली का, ते विचारा."

टाकीजवळच्या नळांना दाब भरपूर असतो. पुढे नळातील घर्षणाने आणि वाटेतल्या घरांच्या उपशाने तो घटत जातो आणि शेवटच्या तोटीशी करंगळीएवढी धार उरते. म्हणून टाकीजवळचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा लागतो आणि जवळच्यांची कुरकुर ऐकून घ्यावी लागते. काका पाहणीला निघत ते नेहमी शेवटच्या घरापासून.

१९६७ साली माझे वडील अकाली गेले. आई आणि आम्ही तीन भावंडे काकांच्या आश्रयाला आलो. त्यांची स्वतःची दोन मुले लहान होती, आजी अंथरुणाला खिळलेली होती आणि मिळवते हात दोनच. त्या घरातले शेवटचे घर म्हणजे आम्ही. काकांनी आधी आवळला तो स्वतःचा व्हॉल्व्ह. स्कूटरसाठी साठविलेले पैसे माझ्या थोरल्या भावाच्या कॉलेजला गेले आणि काकांची सायकल निवृत्तीपर्यंत सुटली नाही. काकूंनी दुसऱ्या पाटल्या कधी केल्या नाहीत. त्याबद्दल त्यांच्या तोंडून अवाक्षरही ऐकल्याचे आठवत नाही.

१९७४ साली मी बी.एस्सी. झाले. पुढे शिकावयाचे म्हणताच नातलगांनी भुवया उंचावल्या. तो पैसा स्वतःच्या मुलांसाठी राखावा, असा सल्ला काकांना मिळाला. काका एवढेच म्हणाले, "ती शेवटची आहे, म्हणून तिचे आधी."

ही कुरकुर घरातही उमटली. काकांचा मुलगा तेव्हा १४ वर्षांचा होता. नवी वही मागितली असता "पुढच्या महिन्यात" असे उत्तर मिळाले, तेव्हा जेवताना तो उसळून म्हणाला, "मग आम्ही तुमचे कोण?" काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला सायकलवर डबलसीट घेऊन ते एका वस्तीच्या टोकाला गेले. तेथे एक म्हातारी कोरड्या तोटीखाली घागर लावून बसली होती. बापलेक पाणी येईपर्यंत तिच्याजवळ थांबले. ही हकीकत त्यानेच मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. माझ्या आईच्या अखेरच्या आजारात तिच्या उशाशी रात्री जागला तोही तोच.

१९९२ साली काका निवृत्त झाले. मुले पुण्याला बोलावीत होती. "वहिनी इंदूरात आहेत तोवर मी येथेच," हे त्यांचे उत्तर ठरलेले. गल्लीतल्या गळक्या तोट्यांना वायसर बसविणे आणि मुलांना गणित शिकविणे, हा त्यांचा उत्तरायुष्यातील उद्योग.

२०१४ साली ते गेले. तेराव्यानंतर कपाटातून त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. दर जूनच्या पानावर "मुले" या मथळ्याखाली फी, पुस्तके आणि गणवेश यांचे आकडे आहेत. तेथे पाच नावे वयाच्या क्रमाने लिहिलेली आहेत. "भावाची मुले" असा वेगळा रकाना एकाही वहीत नाही.