‘पाय दुखतात’ एवढंच सांगून येऊ नका!

दिवसभराची कामं उरकून, ओटा पुसून, दूध झाकून अंथरुणाला पाठ टेकावी आणि नेमकी तेव्हाच पायांनी कुरकुर सुरू करावी! पोटऱ्यांतून काहीतरी सरपटतंय असं वाटतं, तळव्यांना मुंग्या येतात, मांड्यांत ओढ लागते. मैत्रिणींनो, घरात सांगावं तर उत्तर ठरलेलं, “दमली असशील, झोप आता.” दवाखान्यात सांगावं तर, “वयोमानाने होतं, कॅल्शियम घ्या.”

दमणूक असेलही. पण ती आहे की आणखी काही, हे तपासल्यावाचून कसं कळायचं?

हे दुखणं काही मनाचे खेळ नव्हेत, बरं का. रात्री हातपाय स्वस्थ पडू देत नाहीत अशा रोग्यांबद्दल लंडनच्या डॉ. थॉमस विलिस यांनी १६७२ सालीच लिहून ठेवलं आहे. पुढे १९४५ मध्ये स्वीडनच्या डॉ. कार्ल-अॅक्सेल एकबोम यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. ‘रेस्टलेस लेग्ज’, म्हणजे अस्वस्थ पाय, हे नाव त्यांचंच. याच्या खुणा चार: पाय हलवावेसे वाटतात, स्वस्थ बसलं की त्रास वाढतो, चाललं की उतरतो आणि संध्याकाळनंतर जोर धरतो. पुरुषांपेक्षा बायकांत हा विकार अधिक आढळतो आणि गरोदरपणात तर विशेष.

याच्या मुळाशी पुष्कळदा शरीरातला लोहाचा साठा कमी असतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा आटलेला असू शकतो. तो कळतो ‘फेरिटिन’ या रक्ततपासणीने. कागदावर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं, तरी अस्वस्थ पायांच्या रोग्यात फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार डॉक्टर करतात.

पण सगळ्याच मुंग्या एका जातीच्या नसतात. दोन्ही तळवे बधिर होत असतील, आग होत असेल, तर मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पाहायला हवी. ब-१२ मिळतं ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. ज्या शाकाहारी गृहिणीच्या वाट्याला दूध फक्त चहापुरतं येतं, तिला ते कमी पडणारच. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल, तरीही ते घटू शकतं. ही कमतरता फार काळ तशीच राहिली, तर मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते. म्हणून ‘चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका! कळ कमरेतून निघून एकाच पायात उतरत असेल, तर मणक्याकडे पाहावं लागतं.

आता डॉक्टरांना सांगायचं कसं? गर्दीच्या दवाखान्यात आपल्या वाट्याला पाच मिनिटं येतात. तेव्हा आठवडाभर आधी टिपण ठेवा. कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडतो ना, त्याच चौकटीत लिहा: त्रास किती वाजता झाला, कुठे झाला, कशाने थांबला, झोप किती गेली. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावंही लिहून न्या. सर्दी-खाजेच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही पाय अस्वस्थ होतात.

मग “पाय दुखतात हो” असं मोघम न बोलता सांगा, “डॉक्टर, तीन महिने झाले. आठवड्यातून चार रात्री पोटऱ्यांत ओढ लागते. चाललं की थांबते. दोन-दोन तास झोप जाते.” झोपेत पाय झटकले जात असतील, तर ते आपल्याला कुठून कळणार? यजमानांना बरोबर न्या, त्यांनाच सांगू द्या.

एवढं ऐकूनही “काही नाही” असं उत्तर आलं, तर न भांडता विचारा, “हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२, साखर आणि थायरॉइड एकदा पाहून घेऊ या का? आणि बरं वाटलं नाही, तर किती दिवसांनी येऊ?” तरीही दाद लागली नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कसला आलाय संकोच?

एक सांभाळा. शेजारणीने सांगितलं म्हणून आधीच ब-१२ची इंजेक्शनं घेऊ नका, मग तपासणीतून खरी कमतरता कळत नाही. लोहाच्या गोळ्याही मनाने नकोत. डॉक्टरांनी दिल्याच, तर चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

आणि एकच पोटरी सुजून गरम झाली, धाप लागली, पायातली शक्ती एकाएकी गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर टिपण करत बसू नका. त्याच क्षणी इस्पितळ गाठा.

घरात कुणाचं बोट कापलं तरी आपण धावतो. तीच तत्परता आपल्या पायांसाठीही दाखवा. या आठवड्यापासूनच कॅलेंडरवर टिपण सुरू करा, पाहू!