खाडीच्या गाळातला पारा

"मास्तर, पारा जड ना? मग तळाशी बसायचा तो मासळीत कसा शिरतो?" सुरमई कापता कापता मावशींनी विचारलं. माझ्या वर्गात इतका नेमका प्रश्न क्वचितच येतो.

तळाशी बसतो हे खरंच. कॉस्टिक सोड्याच्या जुन्या कारखान्यांत पाऱ्याचे सेल असत. त्यांच्या सांडपाण्यातून उल्हास खाडीच्या गाळात तो साचला. पण प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो प्लवकांत, तिथून मांदेलीत, मग मांदेली गिळणाऱ्या मोठ्या माशात वाढत जातो. मांसातल्या प्रथिनांनाच चिकटतो, त्यामुळे धुऊन-तळून जात नाही. (लिंबू पिळूनही नाही, मावशी!) जपानमधल्या मिनामाटाचा आजार १९५६ साली उजेडात आला, तो याच मिथाइल पाऱ्याचा. गरोदर बाईनं मुशीसारखे शिकारी मासे टाळावेत, ते म्हणूनच.