‘डार्फ इश?’ : जर्मनीत फोटो काढताना

कंपनीच्या कामासाठी हॅम्बुर्गला येणारे आपले बरेच जण सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडतात. बंदर, रविवारचा पहाटेचा मासळीबाजार... विषयांना तोटा नाही. पण एक लक्षात ठेवा, इथे चेहऱ्यावर हक्क त्या माणसाचा!

त्यामागे एक जुनं प्रकरण आहे. १८९८ साली शहराजवळच्या फ्रीडरिशरू इथे बिस्मार्क वारले. त्याच रात्री दोन छायाचित्रकारांनी खोलीत शिरून मृतदेहाचा फोटो काढला. मोठा गदारोळ झाला. पुढे १९०७ च्या कायद्याने संमतीशिवाय कुणाचा फोटो प्रसिद्ध करायला मनाई केली. तो नियम आजही आहे. सभा-मिरवणुकीतली गर्दी किंवा देखाव्यात ओघाने आलेली माणसं, यांना तेवढी सवलत. फेसबुकवर टाकणं हेही प्रसिद्ध करणंच, बरं का!

विचारलं की चेहऱ्यावरचा सहज भाव जातो, हे खरं. पण ‘डार्फ इश?’ म्हणजे ‘काढू का?’ एवढं विचारलं की मासळीवाला दोन वाक्यं बोलतो, कुठून आलात विचारतो. ऑफिस आणि हॉटेल यांपलीकडे कुणी ओळखीचं नसलेल्या माणसाला ती दोन वाक्यं फोटोइतकीच मोलाची वाटतात.