मीटरची पेटी पावसाआधी पाहून घ्या



शेतीखात्याचा माणूस आज विजेवर का बोलतो, असं तुम्हाला वाटेल. पण वाडीतल्या विहिरीवरचा पंप पुष्कळ घरी ओटीवरच्या मीटरपेटीतूनच चालतो. गणपतीला चाकरमानी आले की मखराची रोषणाई, पंखे, मिक्सर असा सगळा भार त्याच पेटीवर, आणि तोही भिंती ओल्या असताना.

पूर्णगडला मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते. तिथला वारा खारा. हा खार पेटीतल्या पितळी स्क्रूंवर आणि तारांच्या टोकांवर बसतो, हिरवट थर धरतो. जोड कच्चा झाला की तिथे विजेला अडथळा होतो आणि जोड तापतो. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. एका दिव्यावर वर्षभर गप्प राहिलेला जोड पंप लावताच जळतो, तो यामुळेच. अशा वेळी फ्यूज उडेलच असं नाही, कारण प्रवाह प्रमाणातच असतो. तापतो तो फक्त जोड.

मागे गावातल्या एका घरी माडावरचा भुंगा पाहायला गेलो होतो. ओटीवर जळकट वास आला. पेटी उघडली तर आत विजेची बिलं, काड्यापेटी, कोपऱ्यात कुंभारणीचं मातीचं घर, आणि फ्यूजमध्ये तांब्याच्या तारेचा जाड पीळ. घरधनी म्हणाले, "साहेब, बारीक तार सारखी उडते." अहो, उडणं हेच तिचं काम! ५ अँपिअरची तार २३० व्होल्टला साधारण ११५० वॅटचा भार घेते. इस्त्री आणि पंप एकदम लावले तर ती उडणारच. जाड तार घातलीत तर फ्यूज शाबूत राहील आणि भिंतीतली वायर जळेल.

तेव्हा मे महिन्यात परवानाधारक वायरमन बोलवा. जोड साफ करून आवळून घ्या, पेटी रिकामी ठेवा. स्वतः स्क्रूला हात लावू नका. मेन स्विच बंद केला तरी मीटरपासून स्विचपर्यंतच्या तारेत वीज असतेच. मीटरचं सील तोडायचं नाही. तिथे काही बिघाड दिसला तर महावितरणला १९१२ वर कळवा.

वायरमन आलाच आहे तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. शॉकपासून तो वाचवतो. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. मात्र सैल जोड त्याला कळत नाही, म्हणून आवळणी चुकवून चालणार नाही. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालत जा.

पेटीतून धूर आला तर पाणी मारू नका. हात सुरक्षित पोचत असेल तर मेन बंद करा, नाहीतर माणसं बाहेर काढा आणि १९१२ ला फोन करा. ओटीवर वाळूची एक बादली भरून ठेवा, पण वाळू कोरडी हवी. किनाऱ्यावरची ओली, खारी वाळू या कामाला चालत नाही.