निवळ म्हणजे निर्मळ नव्हे

गढूळ पाण्यात तुरटी फिरवून हंडा झाकून ठेवण्याची रीत आपल्या घराघरांत होती. गाळ तळाशी बसे आणि वरचे निवळ पाणी आपण विश्वासाने पीत असू. खाणीतून उपसलेल्या पाण्याच्या बाबतीत मात्र असा विश्वास घातक ठरतो.

बारडोलीच्या उत्तरेस, आमच्या सुरत जिल्ह्यातच, वस्तान व तडकेश्वर येथे लिग्नाइटच्या उघड्या खाणी खोदल्या गेल्या. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या दलदलीत हा कोळसा घडू लागला. अशा कोळशात लोह व गंधक यांचे पायराइट नावाचे संयुग बहुधा आढळते. त्यास हवा-पाणी लागले की गंधकाम्ल उत्पन्न होते. शाळेत आम्ही मुलांपुढे दोन पेले ठेवतो : एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात आम्लाचे थेंब घातलेले. डोळ्यांना भेद कळत नाही. निळा लिटमस कागद तो क्षणात सांगतो.

म्हणून खाणीचे पाणी तळ्यात साठवून गाळ बसविणे पुरेसे नाही. त्यात कालवलेला चुना मिसळून आम्लता घालवावी लागते, हवा खेळवावी लागते. तेव्हा विरघळलेले लोह तांबूस गाळाच्या रूपाने खाली बसते. तो गाळही ओढ्यात वा शेतात जाता कामा नये. बाहेर सोडावयाच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ असावा, असा आपल्या देशातील सर्वसाधारण नियम आहे.

खाण बंद झाली तरी उघडे पडलेले पायराइट आपले काम थांबवीत नाही. कोळसा नेणारी पिढी निघून जाते. विहिरी मागच्यांसाठी उरतात. त्यांचे पाणी तपासत राहणे, हे मागे राहणाऱ्या आपणा सर्वांचे कर्तव्य होय.